दोर कोणाच्या खांद्यावर

२२ ऑक्टोबर २००६
लेअर्गच्या वर, स्कॉटलंड

बाबा, जय भीम.

फोटो पाठवायला नको होता, एवढं मला कळलं. पण तो नेमका पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाच्या सकाळीच तुमच्या दारातून आत पडला, ह्याला मी काय करू? सेकंड क्लासचं तिकीट लावलं होतं, रमतगमत जाईल असं वाटलं होतं. आत्या सांगत होती, तिने तो कौतुकाने फ्रिजवर लावला. तुम्ही चहा घ्यायला आलात, फोटो काढून टेबलावर पालथा घातलात आणि न बोलता विहारात गेलात. तिथे पंचशील घेताना तुमचा आवाज फुटला नाही म्हणे. हे तिने मला सांगायला नको होतं.

मला खरंच वाटलं होतं की तुम्ही खूश व्हाल. कॉलेज सोडल्यापासून मी टिकलो कुठे? कॉर्नवॉलमध्ये डॅफोडिल तोडली, वेल्समध्ये कॅराव्हॅन साइटचे संडास धुतले, मॅलेगला मासे बर्फात भरले. (संडासाचं तुम्हाला सांगितलं नव्हतं, ते आत्ता निघालं. आत्या, हे वाचताना तो शब्द गाळ.) इथे मात्र ऑगस्टपासून आहे. एका जागी. अंगात उधार घेतलेला ट्वीडचा कोट, खांद्यावर दोर, मागे मारलेलं, बारा टोकांच्या शिंगांचं नर हरीण, आणि मी हसतोय. हसतोय कारण ह्यू काहीतरी बोलला होता.

ह्यू म्हणजे इथला स्टॉकर. पाहुण्यांना शिकारीला डोंगरावर नेतो, वारा बघत पोटावर सरपटत हरणांच्या जवळ पोचवतो आणि कुठलं मारायचं ते सांगतो. मी त्याचा गडी, इथे गिली म्हणतात. हरीण पडलं की ह्यू जागेवरच त्याचं पोट साफ करतो, मग मी दोर बांधून ते खाली गाडीपर्यंत ओढत आणतो.

तुमचा निरोप आत्याने पोचवला. तुमच्याच शब्दांत सांग म्हटलं, तर म्हणाली, "तो म्हणते, ज्या दोरापायी माझ्या बापानं गाव सोडलं, तो ह्यानं हौसेनं खांद्यावर घेतला. त्यानं खाली ठेवला की बोलीन."

बाबा, ती गोष्ट मला पाठ आहे. गावात कोणाचंही ढोर मेलं की आपल्या लोकांनी येऊन ओढून न्यायचं, ही रीत. छप्पन साली आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि पाटलाच्या दारात सांगितलं, आजपासून नाही. मग विहीर बंद, किराणा बंद, काम बंद. मग नागपूर, मिल, तुमची शाळा, तुमचं इंजिनिअरिंग, बर्मिंगहॅम. दर चौदा ऑक्टोबरला ऐकलीय. ऐकताना मला नेहमी भूक लागायची, कारण नंतर जेवण असायचं.

पण इथलं वेगळं आहे हो. इथे ह्या शिकारीच्या लॉजच्या मालकीणबाईंचा जावई, लंडनमधला वकील, मागच्या आठवड्यात माझ्या शेजारी दुसरा दोर खांद्यावर घेऊन घामाने निथळत होता. कोणी कोणामुळे बाटत नाही. आणि डोंगराचा एक नियम आहे, ह्यू तो पहिल्याच दिवशी सांगतो: जे सुरू केलं ते संपवायचं. जखमी जनावर मागे टाकून जेवायला घरी जायचं नाही. हा नियम मला आवडतो. मी आजवर काहीच संपवलेलं नाही म्हणून असेल.

तुम्ही पत्र हातात घेणार नाही हे माहीत आहे. आत्या वाचेल, तुम्ही पेपरमागून ऐकाल.

तुमचा,
प्रबुद्ध


४ नोव्हेंबर

बाबा, जय भीम.

उत्तर आलं नाही. आत्याने मात्र लोणचं पाठवलं. ह्यूने ते ओट्सच्या लापशीत घालून खाल्लं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

नरांचा हंगाम संपला, आता माद्या. कारण असं की इथले लांडगे कधीच संपले, त्यामुळे हरणं वाढतात आणि हिवाळ्यात उपाशी मरतात. म्हणून मोजून काढायची. म्हाताऱ्या, लंगड्या, हिवाळा न काढू शकणाऱ्या. हे पटतं. पण एक आहे. हरणी पाडली तर तिचं पाडसही लगेच पाडायचं. आईवाचून ते हिवाळ्यात हळूहळू मरतं, म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ह्यूला म्हटलं, हे कसलं रे. तो म्हणाला, दया ही कधीकधी दुसरी गोळी असते. ह्यू एरवी असलं काही बोलत नाही, फुटबॉलवर बोलतो.

असलं बोलणारा माणूस आता आलाय. मालकीणबाईंचा भाचा, गाइल्स. चाळिशीचा, सभ्य, मफलर छान. तो शिकारीवर पुस्तक लिहितोय. शिकार कशी करायची ह्यावर नाही, का करायची ह्यावर. अशी पुस्तकं असतात, मला माहीतच नव्हतं. त्याच्या खोलीत ढीग आहे. सरपण द्यायला गेलो तेव्हा एक चाळलं. माणूस आणि डोंगर आणि मौन, बरंच मौन. चौथ्या पानावर मला बाहेर कुठलातरी पक्षी ओरडल्यासारखं वाटलं म्हणून गेलो, ते परत आलोच नाही.

त्याला कळलं की मी बुद्धिस्ट. मग काय. दुपारी वर दगडाआड सँडविच खाताना विचारतो, मेलेल्या जनावराला हात लावताना तुझ्या मनात काय येतं? मी म्हटलं, बोटं गारठलीत असं येतं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, नाही, अजून खोल. ज्याने जीव घेतला त्याने त्या जिवाची नजर चुकवू नये, असं त्याचं मत आहे. खोटं कशाला बोलू, ते वाक्य मला आवडलं. मी आजोबांची गोष्ट त्याला सांगणारच होतो, तोंडावर आली होती. पण त्याच्या हातात पेन्सिल होती. गिळून टाकली.

बाबा, तुम्ही रविवारी कोंबडी आणता. तेव्हा मारण्यावर तुमचा राग नाही, दोरावर आहे, एवढं मला समजतं. समजतं म्हणजे पटतं असं नाही.

प्रबुद्ध


११ नोव्हेंबर

बाबा,

काल वाईट झालं.

गाइल्सने हरणीवर गोळी झाडली. ह्यू म्हणाला होता, थांब, आडवी होऊ दे. तो थांबला नाही. गोळी मागे लागली, पोटात. ती वाकली, पाठ कमानीसारखी झाली, आणि चालत, पळत नाही, चालत उतारापलीकडे गेली. पाडस तिच्या मागे.

आम्ही रक्ताच्या मागाने निघालो. गवतावर हिरवट काळं रक्त. मग धुकं उतरलं. गाइल्स थरथरत होता, म्हणाला पाय कळेनासे झालेत. ह्यूने एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाला, खाली.

मी म्हटलं, नियम?

ह्यू म्हणाला, "खाली, असं सांगितलं मी."

रात्रभर पाऊस. आज कुत्रा घेऊन दिवसभर हिंडलो, वास धुऊन गेलाय. गाइल्स आला नाही, सर्दी झालीय.

आत्या, हे वाचून झाल्यावर बाबांना चहा दे.


१५ नोव्हेंबर

बाबा, जय भीम.

हरणी सापडली. शोधून नाही. लॉजच्या नळाला वास यायला लागला.

इथे पाणी कौन्सिलचं नाही. वरच्या ओढ्यात एक टाकी आहे, तिच्यातून पाइप खाली येतो. हरणी पाणी प्यायला ओढ्याच्या घळीत उतरली असणार, आणि तिथेच, टाकीच्या जरा वर, पडली. पोट साफ केलेलं नाही, पोटात गोळी, त्यात ह्या वर्षी म्हणावी तशी थंडी नाही. फुगलीय. ह्यू आणि मी काठावरून पाहिलं. पाडस पलीकडच्या काठावर उभं होतं. आम्हाला बघूनही हललं नाही.

पाइप बंद केला. घळीत गाडी जात नाही, दोराने वर ओढून काढावी लागणार. स्वयंपाकघरात सगळे जमलो होतो, मालकीणबाई, गाइल्स मफलर गुंडाळून, ह्यू, मी. ह्यूने खुंटीवरचा दोर काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. एकच. दुसरा खुंटीवरच राहिला.

मी विचारलं, माझ्याबरोबर कोण?

ह्यू म्हणाला, "तू ने. तुला वासाचं काही वाटत नाही."

बाबा, तो वाईट माणूस नाही. त्याला आपली जात माहीत नाही, जात म्हणजे काय तेही माहीत नाही. त्याने फक्त खोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. बस. ताज्या, स्वच्छ हरणाला दोन दोर असतात, वकील असतो, फोटो असतो. कुजलेल्याला मी.

मला कोणीतरी थंड पाण्यात बुडवून बाहेर काढल्यासारखं झालं. मी दोर उचलला, गुंडाळला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हटलं, "नाही. ज्याने मारलं त्याने ओढायचं."

गाइल्स शिंकला. मालकीणबाई म्हणाल्या, असं असेल तर शनिवारनंतर तुझं काय करायचं ते बघू. ह्यू काहीच बोलला नाही. तेच सगळ्यात लागलं.

दोर खाली ठेवला आहे, बाबा. तुम्ही म्हणाला होता तसा.

प्रबुद्ध


१८ नोव्हेंबर

बाबा,

तुमचा फोन येईल असं वाटलं होतं. आला नाही, म्हणजे पत्र अजून पोचलं नसेल. ह्या वेळी फर्स्ट क्लास लावलं होतं.

मी जिंकलो, असं धरून चाला. कोणीच ओढत नाहीये. लेअर्गहून बाटल्यांचं पाणी आणतात, अंघोळी बंद. मला कोणी काही बोलत नाही. जेवायला बसलो की बाकीच्यांची जेवणं लवकर उरकतात.

पण तुम्ही एक कधी सांगितलं नाहीत. तुमच्या गोष्टीत आजोबा नाही म्हणतात आणि पुढच्या वाक्यात आपण नागपुरात असतो. मधलं काय? नाही म्हटल्यावर ते ढोर तिथेच पडलेलं असतं ना. वास येत असतो ना.

वारा फिरला की माझ्या खोलीत येतो. जेवणात येतो. आत्याच्या लोणच्याची बरणी उघडून नाक खुपसलं, त्यातही आला. आणि ते पाडस. दिवसभर घळीच्या काठावर असतं, अंधार पडायला लागला की खाली उतरतं आणि माझ्या खिडकीच्या वर उभं राहतं. नुसतं उभं. मी पडदा लावतो आणि मग ते आहे का बघायला पुन्हा सरकवतो. ह्यूला म्हटलं, तू ते पाड तरी. तो म्हणाला, अंधारात गोळी नाही, आणि दिवसा ते आईपासून हलल्याशिवाय नाही पाडणार, टाकीवर आणखी एक नको.

मला असं वाटायला लागलंय की ती माझी हरणी आहे. गोळी गाइल्सची, खाली चला हा शब्द ह्यूचा. पण नियम, नियम करत होतो तो मी. आणि आता ती तिथे पडलीय ती माझ्या नाही म्हणण्यामुळे. दोर उचलला तर आजोबा दिसतात. नाही उचलला तर ती दिसते. मी कुठल्या बाजूला बघू?

मला कारण नकोय, भाषण नकोय. एवढंच सांगा, आजोबांनी त्या ढोराचं काय केलं?

प्रबुद्ध


२६ नोव्हेंबर

बाबा, जय भीम.

तुम्ही फोन केलात त्याला आता काही दिवस झाले. हे पत्र आत्यासाठी पण आहे, कारण तुम्ही तिला सगळं सांगितलं नसणार.

आत्या, मी स्वयंपाकघरात कांदे सोलत होतो. ह्यूने फोन उचलला, कानापासून लांब धरला आणि म्हणाला, कोणीतरी हेडमास्तर आहे, तुला बोलावतोय. बाबांनी जय भीमसुद्धा म्हटलं नाही. एकदम सुरू. जसं काही आपलं बोलणं कालच अर्धवट राहिलं होतं.

म्हणाले, "ढोर नाही. गाय होती. कपिला. तुझे आजोबा पाटलाकडे सालदार होते, त्यांनीच तिला वाढवलेली."

मी हातातला कांदा खाली ठेवला.

"ओढली नाही त्यांनी. पण तिला सोडून घरी पण नाही आले. दिवसभर तिच्यापाशी बसले. कुत्र्याला, गिधाडाला जवळ येऊ दिलं नाही. गाव लांबून बघत होतं, हा ओढत पण नाही अन् उठत पण नाही. पाटील म्हणाला, एवढी माया आहे तर ओढ ना. ते म्हणाले, माया माझी आहे, दोर तुमचा आहे."

मी विचारलं, मग तिला कोणी नेली? तर म्हणाले, माहीत नाही. मला हे तुझ्या आजीने सांगितलं, आजोबा स्वतः कधी नाही बोलले. मी विचारलं, तुम्ही कार्यक्रमात हे का सांगत नाही? मग म्हणाले, लोकांना नकार ऐकायचा असतो, बसून राहिलेला माणूस कोणाला ऐकायचाय. आणि स्वेटर घालतोस का, असं विचारून फोन ठेवला.

म्हणून मी वर गेलो. दोर न घेता.

घळीत उतरून तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला एका दगडावर बसलो. कावळे होते, करड्या पाठीचे. डोळ्यांवर बसतात. त्यांना दगड मारत राहिलो. नेम माझा वाईट आहे, पण कावळ्यांना ते उशिरा कळलं. बाकी काही केलं नाही. तिच्याकडे बघत होतो. गाइल्सचं नजरेचं वाक्य आठवून एकदा तिच्या डोळ्यात बघायचा प्रयत्न केला. डोळा आधीच गेला होता. तेव्हा पायांकडे बघितलं. खूर किती लहान असतात बाबा, एवढ्या मोठ्या जनावराला. संध्याकाळी खाली आलो, दुसऱ्या दिवशी परत गेलो. पाडस पहिल्या दिवशी पलीकडच्या काठावर होतं. दुसऱ्या दिवशी इतकं जवळ आलं की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसायची. मी हात पुढे केला नाही. मला त्याला काय द्यायचं होतं?

तिसऱ्या दिवशी गाइल्स आला. फार मोठं काही मनात आणू नका. मालकीणबाईंच्या दोन मैत्रिणी शनिवारी यायच्या होत्या, आणि अंघोळीला पाणी नाही म्हणजे नाही. बाईंनी गाइल्सला म्हटलं होतं, तुझ्या पुस्तकात जे लिहितोस ते जरा ओढ्यात उतरून कर. हे मला ह्यूने नंतर सांगितलं, हसता हसता, बऱ्याच दिवसांनी हसला तो.

गाइल्स नाकाला मफलर बांधून आला. दोर खांद्यावर उलटा घेतलेला. मी तिथे का बसलोय हे त्याने विचारलं नाही, आणि पेन्सिल काढली नाही. दोर तिच्या नुसत्या गळ्यात अडकवायला लागला. तसं ओढलं असतं तर कुजलेली मान तुटून आली असती आणि बाकीची तिथेच, टाकीच्या तोंडाशी. मी बघत राहिलो. मग उठलो. जबड्यामागे वेढा, पुढचा एक पाय आत घेऊन दुसरा वेढा, आणि गाठ. माझे हात तिला लागले. दोराचं मोकळं टोक मी त्याच्या हातात दिलं.

त्याने ओढलं. घसरला, ओकला, बसला, रडल्यासारखं काहीतरी केलं, परत उठला. अर्ध्या चढावर म्हणाला, "अरे, मदत कर ना."

मी म्हटलं, "मी सोबत आहे."

आणि होतो. त्याच्या शेजारून चालत, हात खिशात घालून, अगदी वरपर्यंत. हात खिशात ठेवणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. पाडस मागून येत होतं. वर, ओढ्यापासून लांब, ह्यू थांबला होता. एकच आवाज झाला. ह्यूने पाडसाला दोर लावला नाही, खांद्यावर घेऊन खाली आणलं, त्याचं डोकं ह्यूच्या छातीवर हलत होतं. माझ्या जवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "खाली चला म्हणायला नको होतं मी." मी मान हलवली.

मला कामावरून काढलेलं नाही. टेबलावरचा तो दोर आता परत खुंटीवर आहे, दुसऱ्याच्या शेजारी. नळ सुरू झाला. सगळे म्हणतात पाणी स्वच्छ आहे, तपासून घेतलंय. मला ते अजून तसंच लागतं. खिडकीचा पडदा मी लावत नाही. वर कोणी नसतं, ते मला माहीत आहे, तरी एकदा बघतो.

बर्मिंगहॅमला येईन म्हणतो. पण त्याआधी एक ठरवून द्या. दोर मी ओढला नाही, बाबा. गाठ मात्र मी मारली, आणि चांगली मारली, ती सुटली नाही. हे ओढण्यात धरायचं की जवळ बसण्यात, ते मला कळत नाही. आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तुम्हीच सांगा.

तुमचा,
प्रबुद्ध